डाव्या खांद्यावरची धूळ

भट्टी लावायचं काम माझं.
माती मुक्बिले हानिमची.

कुताह्यात दर गल्लीत कुणी ना कुणी
बशीवर ट्यूलिप काढत बसलेलं असतं.
हानिमही बावीस वर्षं तेच करत होत्या,
निळ्यात निळं भरत,
पाकळीच्या टोकाशी श्वास रोखून.
मग त्यांचे वडील गेले,
दिनारच्या वरच्या कुरणांतले मेंढपाळ.
मागे जर्दाळूच्या लाकडाचा एक पावा.
त्या आठवड्यात हानिमनी कुंचला धुऊन ठेवला
तो ठेवलाच.

"मार्सियास करतेय," म्हणाल्या.
कोण तो?
"आमच्याच गावचा. फार जुना.
देवीनं पावा फेकला,
फुंकताना गाल फुगतात, पाण्यात तोंड वाईट दिसतं म्हणून.
यानं उचलला, पुसला, वाजवला.
मग तारा छेडणाऱ्या देवाशी पैज.
पंच देवाच्याच ओळखीचे."
पुढे?
"सालटी काढली."
मला हसू आलं. माझी आई दिवसातून दोनदा म्हणायची,
सालटी काढीन.
त्या हसल्या नाहीत.
"झाडाला टांगून. खरोखरची."

दोन महिने वळीवर वळी चढत गेली.
झाड नाही, दोर नाही, सुरी नाही.
नुसता एक माणूस उकिडवा बसलेला,
माझ्या छातीला लागेल एवढा,
गाल टम्म, नखं वाढलेली,
पोटावर म्हाताऱ्या मेंढपाळाची घडी.
आणि अंगभर एकसंध झिलई हवी होती त्यांना,
दुधासारखी, कुठेही सांधा न दिसणारी.
"कातडं परत देतेय त्याचं.
लोक उपकारापोटी म्हणतात, माझ्या कातड्याचे जोडे घाला.
याच्या कातड्याचे कुणी जोडेही केले नाहीत.
नुसतं लोंबत ठेवलं, वाऱ्यावर."

पोकळ मूर्तीत वाफेला वाट लागते,
नाहीतर ती भट्टीत फुटते.
हानिमनी ती वाट पाव्यातून काढली. सात भोकं.

आता माझं.
पहिल्या भाजणीनंतर, झिलई चढवण्याआधी,
ओल्या स्पंजानं धूळ पुसायची असते.
बारा वर्षं पुसतोय.
त्या दिवशी गॅसवाला दारात हुज्जत घालत होता.
उजवा खांदा पुसला, पाठ पुसली, बाहेर गेलो,
परत आल्यावर वाटलं, डावाही झालाय.

बाराशे चाळीस अंश. मग दोन दिवस निवणं.
दार उघडलं तर
डाव्या खांद्यापासून खालच्या बरगडीपर्यंत
झिलई मागे सरकलेली,
बोटानं साय लोटावी तशी कडेला गोळा झालेली,
आणि मधे उघडी माती, तांबडी,
कोरडी असून ओली दिसणारी.

मी विचारलं, फोडू?
आमच्याकडे तसंच करतात.
त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. मूर्ती अजून कोमट होती.
"पुन्हा तोच जिंकला," एवढंच म्हणाल्या,
आणि चहा टाकायला गेल्या.

अंगणात अक्रोडाखाली ठेवला त्याला.
संध्याकाळी वारा सुटला, पाव्यातून काहीतरी निघालं.
सूर म्हणवत नाही त्याला.
शेजारच्या कुत्र्यानं एक कान उभा केला, परत पाडला.
हानिम मात्र भांडी घासायची थांबल्या,
नळ तसाच वाहत राहिला.

मे महिन्यात अंकाराहून एक गृहस्थ आले,
मूर्तीभोवती तीन फेऱ्या मारल्या
आणि थांबले ते डाव्या खांद्याशीच.
"हे कसं साधलंत? हे तर हातानं होत नाही."
"मी नाही साधलं," हानिम म्हणाल्या,
"झेकाईला विचारा."
माझ्याकडे पाहिलं नाही त्यांनी.
मी म्हणालो, आगीचं काय सांगावं.

त्यांना ठाऊक आहे की नाही, मला ठाऊक नाही.
तेव्हापासून प्रत्येक खांदा दोनदा पुसतो.
आणि कधीकधी, स्पंज पिळताना,
एक बोटभर जागा सोडावीशी वाटते.

अजून सोडलेली नाही.